आठ खणांचं छत आणि एक वही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी दहा मिनिटांवर, एका मराठी न्यासाचा दुमजली वाडा आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्याचं छत उतरवून नवं घालायचं काम भाऊबीज झाली त्या आठवड्यात सुरू केलं आणि होळीच्या आत संपवलं. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे स्थिरावल्यापासून ग्वाल्हेरात मराठी वाडे उभे राहत गेले. जे उरलेत त्यांतल्या बऱ्याच वाड्यांची मालकी आज एखाद्या न्यासाकडे किंवा चार-पाच भाऊबंदांत वाटलेली आहे. छतं थकलीत आणि निर्णय घ्यायला एक माणूस नाही, असा हा प्रकार. म्हणून हे टिपण मापांसकट लिहितो आहोत.

खोली आठखणी; दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. लांबी २४ फूट, रुंदी १४ फूट. दर तीन फुटांवर एक सागवानी तुळई, म्हणजे सात तुळया. तुळयांवर वालुकाश्माच्या पटिया, त्यांवर माती, मातीवर चुन्याचा कोबा. ग्वाल्हेरात पटिया हाच शब्द वापरावा, फरशी म्हटलं की मिस्त्री जमिनीची समजतो. छत तीन ठिकाणी गळत होतं आणि दोन तुळया डोळ्यांना दिसतील इतक्या लवल्या होत्या.

न्यासातल्या बहुतेकांचं म्हणणं होतं, वरून एक चांगला थर घालून घ्यावा. तेच आधीच्या पिढ्यांनीही केलं होतं. गच्चीवर दोन जागी फूटभर चौरस खड्डा घेतला तेव्हा एकाखाली एक तीन गच्च्या निघाल्या: वर सिमेंटचा गिलावा, खाली माती, मग जुना कोबा, पुन्हा माती, तळाशी मूळचा कोबा. गळती लागली की वरून थर, उतार बिघडला की आणखी माती. नुसती मातीच दहा इंच. खोलीचं क्षेत्रफळ ३१ चौरस मीटर, माती पाव मीटर, म्हणजे पावणेआठ घनमीटर; घनमीटरला १.७ टन धरला तर तेरा टन. कोबे आणि पटिया वेगळ्या. तुळया लवल्या त्यात नवल नव्हतं, इतकी वर्षं टिकल्या याचंच होतं.

जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत, आणि ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून ताकद अजमावली, असं तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी रीत पटण्यासारखी आहे: वजन आधी, शोभा नंतर. आम्ही हत्तीच्या जागी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला.

तुळयांची तपासणी टोच्याने आणि लाकडी हातोडीने केली. तुळईचं मधलं अंग ठणठणीत वाजतं आणि भिंतीत गेलेलं टोक बद्द बोलतं, हे जुन्या घरांत नेहमीचं. भिंतीतली ओल टोकाला पोचते, हवा पोचत नाही, मग कूज आणि वाळवी. सातांपैकी चार तुळयांत टोच्या चार बोटं आत गेला. उरलेल्या तीन चांगल्या होत्या. त्यांची टोकं दीड-दीड फूट कापून तेरा-तेरा फुटांच्या तुळया मिळाल्या, त्या पुढे मागच्या दहा फुटी ओसरीला वापरल्या. दिवाणखान्याला लोखंडी गर्डर घालायचं ठरलं. लाकूडच हवं होतं असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण सोळा फुटी, सरळ, सुकलेलं सागवान सात नग मिळवायला वर्ष गेलं असतं.

आता कारभाराकडे. विश्वस्त सात, आणि सातही जण येता-जाता मिस्त्रीला काही ना काही सांगणारे. बारभाई कारभारात काम बिघडतं ते भांडणाने कमी आणि गोडीगुलाबीने जास्त: मिस्त्री कोणालाच नाही म्हणत नाही, शेवटी ज्याचं ऐकलं त्याचं होतं, आणि कोणाचं ऐकलं ते कुणाला आठवत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी एका पानाचा ठराव केला. कामप्रमुख एक. मिस्त्रीला आणि ठेकेदाराला सूचना फक्त त्याच्या तोंडून, आणि तीही वहीत लिहून. भार, मापं, आधार यांबाबत इंजिनिअरचा शब्द शेवटचा, तिथे प्रमुखाचंही चालणार नाही. काम थांबवायचा हक्क जागेवरच्या प्रत्येकाला, अगदी तसला, म्हणजे घमेलं, उचलणाऱ्या बेलदारालाही. थांबलेलं काम पुन्हा सुरू करायचा हक्क मात्र फक्त प्रमुखाला. हे शेवटचं वाक्य ठेकेदाराला पसंत नव्हतं. चार महिन्यांत काम दोनदाच थांबलं, आणि दोन्ही वेळा हाक खालून आली होती.

वहीला आम्ही झाकणवही म्हणायचो. पाच रकाने: तारीख, खण क्रमांक, आज काय झाकलं जाणार, झाकण्याआधी कोणी बघितलं, काय निघालं. कल्पना साधी आहे. छताच्या कामात जे पुढे दगा देतं ते सगळं नंतर दिसेनासं होतं. भिंतीतलं गर्डरचं टोक, पटियांमधला सांधा, कोब्याखालची धूळ, कठड्याच्या कडेचा गोला (कठडा आणि गच्ची यांचा कोपरा भरणारी गोलसर पट्टी), यांतलं काहीच पुरं झालेल्या गच्चीवर दिसत नाही. प्रमुखाने दिवसभर उन्हात खुर्ची टाकून बसण्याने काही साधत नाही. झाकण पडायच्या त्या अर्ध्या तासात त्याने वर असावं, टेप हातात असावी, फोटोत टेप दिसावी, आणि सही स्वतःची असावी. 'बघून घेतलं' हा निरोप चालत नाही.

रोज सकाळी साडेसातला उभ्या-उभ्या दहा मिनिटं बोलणं. तीन प्रश्न: आज काय झाकलं जाणार, आज उंचीवर कोण आणि त्याचा पट्टा कुठे अडकवला आहे, परवा लागणाऱ्या मालातलं काय अजून आलेलं नाही. परवाचं विचारायचं, उद्याचं नाही. उद्याच्या मालाची उणीव आज कळून उपयोग नसतो.

कामाची उलटी गणती होळीपासून केली. ग्वाल्हेरात मजूर येतात ते भिंड, मुरैना, दतिया, टीकमगढकडचे. होळीला ते गावी जातात, पाठोपाठ गव्हाची कापणी येते आणि महिनाभर परतत नाहीत. त्या आधी कोबा कुटून, भिजवून संपायला हवा. दुसऱ्या बाजूने डिसेंबर-जानेवारीची थंडी: रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो, धुकं दुपारपर्यंत हटत नाही, आणि चुना अशा गारठ्यात जीव धरत नाही. म्हणजे कोब्यासाठी फेब्रुवारीच. पटिया जानेवारीत, गर्डर डिसेंबरात, तोडणी नोव्हेंबरात. पण सगळ्यात आधी सुरू झालं ते काम सगळ्यात शेवटी लागणारं होतं: चुना भिजवणं.

कटनीचा कळीचा चुना ४०० किलो घेतला. टाकी गच्चीवर नको, अंगणात, विटांची आणि आतून प्लास्टिक अंथरलेली. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उकळून अंगावर उडतो आणि डोळ्यांत गेला तर डोळा जातो. चष्मे, हातमोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली, याशिवाय कोणाला टाकीजवळ जाऊ द्यायचं नाही. एका भागाला वजनाने अडीच ते तीन भाग पाणी. दुसऱ्या दिवशी तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळला. गाळला नाही तर न विरलेले खडे कोब्यात जातात, महिन्या-दोन महिन्यांनी फुगतात आणि वरून खपल्या उडवतात. गाळलेल्या चुन्यावर चार बोटं पाणी ठेवून तो झाकला. सात दिवसांत वापरता येतो असं म्हणतात, आम्ही त्याला जवळजवळ तीन महिने दिले. चुन्याच्या बाबतीत उशीर हा एकच फुकटचा माल आहे.

त्याच आठवड्यात जमिनीवर चौदा ठोकळे ओतले: एक फूट बाय एक फूट, जाडी सहा इंच, एम-२० काँक्रीट, प्रत्येकात १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट. गर्डरचं टोक जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीवर तसंच टेकवलं तर सगळा भार दोन-तीन दगडांवर येतो आणि भिंत तिथे चिरडते. ठोकळा तो भार पसरवतो. पुष्कळ ठिकाणी हे काँक्रीट भिंतीतच ओततात. मग सात दिवस थांबावं लागतं, आणि तेवढे दिवस त्या जागी तुळई नसते. तुळया छत पेलतात आणि समोरासमोरच्या भिंतींना धरूनही ठेवतात. आठवडाभर उघडी उभी राहिलेली दोन फुटी भिंत वरच्या अंगाला बाहेर कलू शकते. ठोकळे आधी तयार असले की तुळई काढली त्याच दिवशी ठोकळा बसतो आणि गर्डर चढतो. ठोकळा साडेतेहेतीस किलोचा, दोन माणसं आरामात उचलतात. बोल्टांच्या जागेसाठी प्लायचा एकच साचा चौदाही ठोकळ्यांना वापरावा. आमच्याकडे मध्येच साचा बदलला गेला आणि दोन ठोकळ्यांचे बोल्ट अर्धा इंच सरकले. ते दोन्ही फोडून पुन्हा ओतले.

गर्डरच्या मापावरून मोठा वाद झाला. ठेकेदार म्हणे, "छह इंची बहुत है, पूरे लश्कर में वही पड़ता है." हिशेब असा. नव्या छताचं वजन चौरस मीटरला: दोन इंची पटिया १२० किलो, कोबा सरासरी सव्वाचार इंच म्हणजे साधारण २०५, वरचं लिंपण आणि किरकोळ २५, गच्चीवर माणसं १५०, एकूण ५०० किलो. गर्डर तीन फुटांवर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मीटरला ४५० किलो आणि स्वतःचं वजन. टेकूच्या मध्यापासून मध्यापर्यंत पंधरा फूट. या भाराला सहा इंची गर्डर मोडत नाही, ताकद भरपूर उरते. पण तो मधोमध १८ मिलिमीटर लवतो, आणि गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, ३२५ व्या हिश्श्याची मर्यादा धरली तर १४ च्या वर जाऊन चालत नाही. आठ इंची फक्त ६ मिलिमीटर लवतो. लोखंड लवलं तरी त्याचं काही जात नाही. त्याच्यावर बसलेला दगड आणि चुना मात्र लवत नाहीत, ते गर्डरच्या रेषेत चिरतात, आणि पाणी तीच चीर शोधतं. सहा इंचीवर घातलेली छतं उभी असतात, पण गळतात, ती यामुळे. ठेकेदाराने जे पाहिलं होतं ते खरं होतं; त्याने ती छतं खालून पाहिली होती, पावसात नव्हती.

आठ इंची गर्डर मीटरला साधारण २५ किलो भरतो. सोळा फुटी सात नग म्हणजे साडेआठशे किलोच्या आसपास. पहिली खेप धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, ७६० भरली. उंची बरोबर, पण पोट (मधली उभी पट्टी) आणि पंख (वर-खालच्या आडव्या पट्ट्या) पातळ, टेप लावून कळत नाही. खेप परत गेली, आठ दिवस गेले. वजन केल्याशिवाय लोखंड उतरवून घ्यायचं नाही, हे वहीत आधी नव्हतं, तेव्हापासून आलं.

तोडणीच्या आधी टेकू. प्रत्येक तुळईखाली तीन जॅक, सात तुळया, एकवीस जॅक, खाली फळ्या. यात एक सापळा आहे. दिवाणखाना वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे हे जॅक ज्या जमिनीवर उभे आहेत ती खालच्या खोलीचं छत आहे, आणि ते छतही त्याच वयाचं. वरचा भार जॅकमधून उतरून त्या जुन्या छताच्या पोटात घुसतो. म्हणून खालच्या खोलीतही नेमके त्याच ओळींत आणखी एकवीस जॅक लावले. ओळंबा सोडून वरचा आणि खालचा जॅक एका रेषेत आहे का ते बघायचं. चार इंचांचा फरकही चालत नाही. खालच्या खोलीत भाडेकरू होते. त्यांना दोन महिने ओसरीत हलवायचं बोलणं दसऱ्यालाच झालं होतं आणि ते लेखी होतं. नगर निगमची परवानगी, शेजाऱ्याला पत्र, वीज मंडळाकडून गच्चीवरची तार सरकवून घेणं, हे सगळं तोडणीच्या महिनाभर आधी.

शेजाऱ्याची आणि आपली भिंत सामाईक. तिच्यावर आधीपासून असलेल्या पाच चिरांचे दोन्ही घरांतून फोटो घेतले, आणि प्रत्येक चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून तारीख रंगवली. भिंत हलली तर काच तडकते. उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे. शेजाऱ्यांना काचा स्वतः बघायला सांगितल्या, त्यामुळे कामाच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या फेऱ्या थांबल्या.

माती काढताना घाई झाली की घात होतो. एका टोकापासून पूर्ण खाली जात यायचं नाही. सगळ्या गच्चीवरून दोन-दोन इंचांचा थर सारखा उतरवायचा, म्हणजे भार एका बाजूला कलत नाही. काढलेली माती शेजारच्या गच्चीवर ढिगाने ठेवायची नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. कामाच्या पहिल्या थांब्याचं कारण हेच. गल्लीत ट्रॉली अडली होती, वरच्यांनी जिन्याच्या छतावर माती टाकायला सुरुवात केली, आणि खाली पाणी भरणाऱ्या बाईने ओरडून थांबवलं. मोकळी झालेली माती सव्वापट फुगते. पटियांसकट आठ ट्रॉल्या निघाल्या, सगळ्या सकाळी आठच्या आत, कारण नंतर गल्लीत सायकलही वळत नाही.

मग एका वेळी दोन खण. पहिल्या आणि दुसऱ्या खणाच्या पटिया उचलायच्या, मधली एकच तुळई बाहेर, भिंतीतली खोबण साफ, ठोकळा चुन्याच्या मसाल्यात बसवून पाणसळीने समपातळीत, त्यावर गर्डर. सव्वाशे किलोच्या आतबाहेरचा गर्डर तिकाटण्यावर लावलेल्या एक टनी चेन पुलीने चढतो. एका टोकाचे बोल्ट घट्ट आवळायचे. दुसऱ्या टोकाला प्लेटचं भोक लांबट आणि भिंतीपासून एक सेंटिमीटर जागा मोकळी. चाळीस अंशांच्या फरकाने सोळा फूट लोखंड दोन मिलिमीटरच्या वर वाढतं, आणि ग्वाल्हेरात जानेवारी आणि जूनमध्ये तेवढा फरक असतोच. दोन्ही टोकं भिंतीत गच्च केली की वाढलेलं लोखंड भिंत ढकलतं. नंतर गिलावा करणारा ती मोकळी जागा इमानेइतबारे भरून टाकतो, म्हणून झाकणवहीत या रकान्यापुढे सात सह्या आहेत, प्रत्येक गर्डरची वेगळी. टोकांना रेड ऑक्साइडचे दोन हात आधीच दिलेले. एक गर्डर बसला की मगच तिसरा खण उघडायचा. साधारण दीड दिवसाला एक गर्डर, सात गर्डरांना दोन आठवडे लागले.

पटियांत चूक झाली आणि ती प्रमुखाची होती. मापं अशी हवी होती: रुंदी साडेसोळा इंच, म्हणजे चौदा फुटांत पाव इंची सांध्यांसकट बरोबर दहा बसतात, दीड फुटाची घेतली असती तर नऊ बसून चार इंचांची चिंधोटी उरली असती. लांबी मधल्या सहा खणांसाठी साडेपस्तीस इंच, कारण दोन गर्डरांच्या मध्यांमध्ये तीन फूट. पण पहिला आणि आठवा खण एका अंगाला भिंतीवर टेकतो, तिथे चार-पाच इंच जास्त लागतात, म्हणजे एकेचाळीस. ऐंशी पटियांपैकी साठ एका मापाच्या आणि वीस दुसऱ्या. शिवपुरीकडच्या खाणीला ऑर्डर गेली ती सगळी एकाच मापाची. ऑर्डरवर सही प्रमुखाची, म्हणून वहीत 'चूक कोणाची' हे लिहायची वेळ आली तेव्हा तेच नाव पहिलं लिहिलं गेलं आणि वीस पटियांचा फरक विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत त्यानेच मांडला. त्याचा एक परिणाम ताबडतोब दिसला: दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीने आपण होऊन सांगितलं की चौथ्या गर्डरचा एक बोल्ट आवळताना आटे गेले आहेत.

पटिया उतरवून घेताना प्रत्येकीला हातोडीने वाजवायचं. खणखणीत आवाज आला तर घ्यायची, बसका आला तर आत भेग. ओली करून आडवी शीर दिसते का बघायचं. उभी शीर एकवेळ चालेल, गाळ्याला आडवी जाणारी नाही. बदली धरून अठ्ठ्याऐंशी मागवल्या, सात परत केल्या. बसवताना आधी सगळ्या कोरड्या मांडून खडूने क्रमांक घातले. सांधे चुन्याने भरले. सिमेंट हाताशी होतं आणि मिस्त्रीचा हात वारंवार तिकडे जात होता, पण दगडापेक्षा कडक सांधा दगडाची कड फोडतो.

रेती चंबळची येते असं कोणी सांगितलं तर घेऊ नये. तिथे घडियाल अभयारण्य आहे आणि उपशाला बंदी आहे. सिंध नदीची, डबऱ्याकडची, रॉयल्टीच्या पावतीसह घ्यावी. न्यासाच्या कामात उद्या कागद मागितले तर ठेकेदार पुढे येत नाही, अध्यक्ष आणि सचिवांची नावं येतात.

कोबा. भिजवून गाळलेला चुना एक भाग, सुरखी (विटांची भुकटी) दोन भाग, आणि या मसाल्यात विटांची खडी, मसाला खडीच्या चाळीस टक्के. सुरखी बाजारात मातीमिश्रित येते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ढवळावी, पाणी गढूळ राहिलं तर पोतं परत. खडी इंचाच्या आतली, रात्रभर पाण्यात, नाहीतर ती चुन्यातलं पाणी पिऊन टाकते. उतार पन्नासाला एक: चौदा फुटांत सव्वातीन-साडेतीन इंच, म्हणजे पनाळीपाशी अडीच इंच जाडी आणि पलीकडे सहाच्या आसपास. कुटून थर पाचवा हिस्सा बसतो, त्यामुळे दोऱ्या तेवढ्या उंच बांधायच्या. एवढं करून नव्या कोब्याचं वजन साडेसहा टनांच्या आत, जुन्या मातीच्या निम्मं.

हा थर एका दिवसात पडला पाहिजे. मध्ये रात्र आली की जोड येतो आणि जोड गळतो. त्यासाठी चौदा माणसं लागतात, आणि फेब्रुवारी म्हणजे सहालगीचे, लग्नसराईचे दिवस. ठरलेल्या सकाळी नऊच जण आले. मिस्त्री म्हणाला, नौ में भी निकाल देंगे. खडी भिजलेली, मसाला कालवायच्या बेतात, नऊ जणांची रोजी तर द्यायचीच होती. प्रमुखाने काम लावलं नाही. रोजी दिली, नऊ जणांकडून दोऱ्या पुन्हा तपासून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या चौदांची नावं रात्री आठला फोनवर एकेक करून पक्की केली. असे निर्णय ठेकेदारावर सोडले की तो नेहमी काम लावण्याच्या बाजूने देतो. त्याचा दोष नाही, रोजी त्याच्या खिशातून जाते.

कुटणं सात दिवस, सकाळी सात ते अकरा आणि दुपारी तीन ते सहा. बायका ओळीने बसून लाकडी थापीने कुटत सरकतात, वरून गूळ-बेलाचं पाणी शिंपडायचं. आम्ही साठ लिटरला दोन किलो गूळ आणि किलोभर बेलफळाचा गर उकळून घेतला. कधी थांबायचं ते थापीच सांगते: सुरुवातीला ती रुतते, मग बसते, शेवटी टणकन उसळते आणि खूण उमटत नाही. चौथ्या दिवशी वरून छान दिसू लागतं आणि सगळ्यांना वाटतं झालं. तेव्हा थांबवलं तर खालचा अर्धा थर पोकळ राहतो. मग दोन आठवडे ओली पोती, रात्री वरून पुवाल, म्हणजे भाताचा पेंढा.

पाणी भरून चाचणी घेतली ती दोन इंचांची, अठ्ठेचाळीस तास. एवढ्या पाण्याचा भार चौरस मीटरला पन्नास किलो, धरलेल्या दीडशेच्या आत. तिसाव्या तासाला सहाव्या खणात भिंतीला लागून ओल आली. वही काढली: सहाव्या खणाच्या कठड्याच्या गोल्यापुढे 'काय निघालं' आणि 'कोणी बघितलं' दोन्ही रकाने कोरे. त्या दुपारी प्रमुख बँकेत होता आणि गोला भरला गेला. दीड फूट गोला उकलला तेव्हा आत मांडवाच्या दोरीसाठी कधीतरी ठोकलेली लोखंडी कडी सापडली, गंजून फुगलेली, भोवती बोटभर फट. कडी उपटली, भोक चुना-सुरखीने ठासून भरलं, गोला पुन्हा केला, दहा दिवसांनी दुसरी चाचणी. कोरडी.

ठेकेदाराचे दहा टक्के एक पावसाळा सरेपर्यंत ठेवले होते, ते दसऱ्याला दिले. काचेच्या पाचही पट्ट्या त्या दिवशी शेजाऱ्यांसोबत बघितल्या, शाबूत होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात पनाळी साफ करायच्या आणि कठड्यातली पिंपळाची रोपं दोन पानांची असतानाच मुळासकट काढायची, हे काम कोणाचं, त्याचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर आहे. दरवर्षी ते बदलतं, आणि जुन्याने नव्याला गच्चीवर नेऊन पनाळी दाखवल्याशिवाय सही होत नाही.